प्रयोजन, श्रोता आणि वाङ्मयप्रकार : जोतीराव फुले यांच्या लेखनाच्या निमित्ताने

१

मराठी वाङ्मयेतिहासात जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांच्या लेखनाची नोंद बहुधा 'वैचारिक गद्य', 'प्रबोधनपर लेखन' अथवा 'सामाजिक सुधारणेचे वाङ्मय' अशा एखाद्या शीर्षकाखाली केली जाते. या नोंदीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली अशी की, फुले यांचे महत्त्व त्यांच्या विचारांत आहे आणि तो विचार ज्या रूपांतून प्रकट झाला ती रूपे आनुषंगिक आहेत. दुसरी अशी की, या रूपांचा वाङ्मयीन विचार करू गेल्यास फारसे काही हाती लागणार नाही. कारण भाषा ओबडधोबड, रचना सैल आणि हेतू उघड प्रचाराचा. विचारांविषयी आदर आणि रूपाविषयी मौन, असे या भूमिकेचे एकंदर स्वरूप आहे. ही भूमिका वरकरणी सौजन्याची वाटली, तरी तिच्यामुळे एका मोठ्या लेखकाचे लेखकपणच दृष्टीआड होते.

वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील मराठीत इतके भिन्न वाङ्मयप्रकार इतक्या जाणीवपूर्वक हाताळणारे लेखक थोडे आहेत. 'तृतीय रत्न' हे नाटक (१८५५), 'छत्रपती शिवाजीराजे भोसले यांचा पवाडा' (१८६९), 'ब्राह्मणांचे कसब' ही पद्यरचना (१८६९), 'गुलामगिरी' हा संवादरूप ग्रंथ (१८७३), शिक्षण आयोगापुढील इंग्रजी निवेदन (१८८२), 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३), ग्रंथकारसभेस पाठविलेले पत्र (१८८५), 'सत्सार'चे दोन अंक (१८८५), 'इशारा' ही पुस्तिका (१८८५), अभंगाच्या वळणाचे 'अखंड' आणि मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेले 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' असा हा विस्तार आहे. या सर्व लेखनाचा मूळ आशय पुष्कळसा एकच आहे: शूद्रातिशूद्रांची विद्याहीनता, तिची कारणे आणि तिच्यातून सुटण्याची वाट. आशय एक असताना रूपे इतकी का बदलली, हा प्रश्न मराठी समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. त्याचे उत्तर लेखकाच्या हौसेत शोधून भागणार नाही. प्रत्येक वेळी समोरचा माणूस बदलला, त्याच्याकडून अपेक्षित असलेली कृती बदलली आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन बदलले. म्हणून वाङ्मयप्रकार बदलला.

२

संस्कृत साहित्यशास्त्राने प्रयोजनाचा विचार केला आहे. मम्मटाने सांगितलेली सहा काव्यप्रयोजने पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. परंतु यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभनिवारण, आनंद आणि उपदेश या यादीतील रसिक हा बहुतांशी एकाच सांस्कृतिक वर्तुळातला आहे. ज्याला अक्षरओळखच नाही, ज्याला ती मिळू नये अशी व्यवस्था आहे, अशा माणसाला उद्देशून लिहावयाचे झाल्यास काय करावे, हा प्रश्न त्या चौकटीत उद्भवत नाही. फुले यांच्यापुढे पहिल्या दिवसापासून हाच प्रश्न होता. ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांतील बहुसंख्य लोक वाचू शकत नव्हते. जे वाचू शकत होते त्यांतील बहुसंख्य लोक या लेखनाचे लक्ष्य होते. आणि ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना मराठी लेखन थेट पोहोचत नव्हते. निरक्षर श्रोता, प्रतिकूल वाचक आणि परभाषी शासक अशा तीन दिशांना तोंड करून हे लेखन उभे आहे.

'तृतीय रत्न' या पहिल्याच कृतीत ही अडचण स्पष्ट दिसते. कुणबी, त्याची गरोदर बायको, तिच्या होणाऱ्या मुलाची ग्रहदशा सांगून पैसा काढणारा जोशी, पाद्री आणि या सर्वांवर भाष्य करणारा विदूषक अशी या नाटकातील पात्रे आहेत. विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर'ापासून (१८४३) सुरू झालेल्या पौराणिक नाटकांमुळे विदूषक हे पात्र प्रेक्षकांच्या ओळखीचे झाले होते. फुले यांनी त्याच्याकडे नवे काम सोपविले. जोशी कुणब्याला फसवीत असताना कुणब्याला जे कळत नाही, ते विदूषक प्रेक्षकाला सांगत राहतो. ज्याला पुस्तक वाचून चिकित्सा करता येत नाही, त्याच्यासाठी चिकित्सा रंगभूमीवर उभी करण्याची ही युक्ती आहे. अखेरीस ते जोडपे रात्रीच्या शाळेत जावयाचे ठरविते. म्हणजे प्रेक्षकाने नाटक पाहून काय करावे, याचे उत्तर नाटकातच दिलेले आहे.

परंतु हे नाटक प्रथम सादर झाले ते दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे. मराठी ग्रंथांना बक्षीस देणाऱ्या या मंडळाने ते नाकारले, आणि त्याबद्दलची तक्रार फुले यांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदविली. लेखकाच्या हयातीत ते छापले गेले नाही. ते प्रसिद्ध होण्यास १९७९ साल उजाडले. ज्या प्रेक्षकासाठी नाटक लिहिले होते त्याच्या आणि नाटकाच्या मध्ये एक परीक्षकमंडळ होते, आणि त्याची अभिरुची व हितसंबंध निराळे होते. वाङ्मयप्रकार अचूक निवडला तरी तो श्रोत्यापर्यंत नेणारे माध्यम इतरांच्या ताब्यात असेल, तर लेखन मुकेच राहते. हा धडा फुले यांच्या पुढील वाटचालीत विसरला गेलेला दिसत नाही. त्यांचे पुढचे लेखन बक्षिसाच्या वाटेने गेले नाही.

३

१८६९ सालचा पवाडा हे त्याचे पहिले ठळक उदाहरण. पोवाडा हा ऐकण्याचा प्रकार आहे. शाहीर, डफ आणि भोवती उभा असलेला समुदाय हे त्याचे घटक. वाचक हा त्याचा मूळ घटक नव्हे. छापील पवाड्याच्या प्रस्तावनेत फुले यांनी आपला श्रोतृवर्ग नावानिशी सांगितला आहे. कुणबी, माळी, महार, मांग अशा लोकांना उपयोगी पडावा म्हणून तो रचला असून त्यात लांबलचक संस्कृत शब्द टाळले आहेत, अशा आशयाचे निवेदन तेथे येते. हे निवेदन मराठी समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा दस्तऐवज मानले पाहिजे. भाषा साधी ठेवणे हा येथे घेतलेला निर्णय आहे आणि निर्णयाचे कारणही दिलेले आहे. जो लेखक कोणते शब्द वगळले हे सांगतो, त्याला ते शब्द ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही.

पोवाड्याची निवड आणखी एका अर्थाने लक्षणीय आहे. वीरांचा गौरव करणे हे या प्रकाराचे परंपरेने ठरलेले काम. फुले यांनी ते काम तसेच ठेवले, पण गौरवाचा आधार बदलला. त्यांचा शिवाजी कुळवाड्यांचे भूषण आहे. श्रोत्याला परिचित असलेला साचा आणि त्यातून येणारा अपरिचित अर्थ, असा हा व्यवहार आहे. १८९१ साली ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. तेव्हा पोवाडा अभ्यासकाच्या टेबलावर जपून ठेवण्याची वस्तू झाला होता. फुले यांच्या हाती तो बावीस वर्षे आधी समकालीन वादाचे साधन झालेला आहे. एकाच वाङ्मयप्रकाराची ही दोन आयुष्ये आहेत, आणि त्यांतील फरक प्रयोजनाचा आहे.

४

'गुलामगिरी'त हा व्यवहार अधिक गुंतागुंतीचा होतो. या ग्रंथाला इंग्रजी आणि मराठी अशा दोन प्रस्तावना आहेत. गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केलेला आहे. मुख्य ग्रंथ मात्र जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाचा असून तो सोळा भागांत विभागलेला आहे. इंग्रजी प्रस्तावनेचा सूर विवेचकाचा आहे. इतिहासाची मांडणी, शासनाच्या शिक्षणविषयक धोरणाची चिकित्सा आणि वरच्या वर्गाला शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल या कल्पनेवरील आक्षेप तेथे संयत रीतीने येतात. संवादात शिरताच सूर पालटतो. दशावताराच्या कथा एकेक करून उलगडल्या जातात, पुराणातील चमत्कारांना व्यवहारातील प्रश्न विचारले जातात, हसे उडविले जाते. पुराण कानावर पडलेल्या माणसाला पुराणाच्याच घटनाक्रमाने दुसरीकडे नेण्याचा हा मार्ग आहे.

याच ग्रंथात परशुरामाला उद्देशून लिहिलेले एक पत्र येते. परशुराम चिरंजीव असल्याचे सांगितले जाते. तेव्हा त्याने ठरावीक मुदतीत हजर व्हावे, असे त्यात कळविलेले आहे. खाली सरकारी कागदास शोभेल अशी तारीख आहे. कंपनी सरकारच्या काळापासून नोटिसा, समन्स आणि मुदती यांची धास्ती शेतकऱ्याच्या मनात बसलेली होती. तोच कागदी प्रकार फुले यांनी उलटवून देवावताराच्या नावे काढला. जो प्रकार श्रोत्यावर नित्य हुकूम गाजवितो तो त्याच्या वतीने वापरल्यामुळे येथील उपहासाला धार येते. हा विनोद समजण्यासाठी अलंकारशास्त्राची जाण लागत नाही; कचेरीच्या उंबऱ्यावर एकदा उभे राहिलेले असणे पुरते.

या लेखनातील भाषेवर विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाले'तून टीका केली आणि व्याकरणाच्या चुकांवर बोट ठेवून फुले यांचा उपहास केला. १८७४ साली सुरू झालेली 'निबंधमाला' हे मासिक होते. तिचा वाचक इंग्रजी शिकलेला, वर्गणी भरणारा, एकांतात बसून वाचणारा होता. जॉन्सन आणि मेकॉले यांच्या निबंधांची चव ज्याला ठाऊक आहे, अशा वाचकासाठी चिपळूणकरांनी मराठी निबंधाला घडविले, आणि त्या प्रयोजनाच्या दृष्टीने त्यांचे यश निर्विवाद आहे. प्रश्न असा आहे की, एका वाङ्मयप्रकारात आणि एका वाचकवर्गात घडलेली कसोटी दुसऱ्या प्रकारावर व दुसऱ्या श्रोत्यांवर लादता येते काय? चिपळूणकरांनी ती लादली हे त्यांच्या भूमिकेला धरूनच होते, कारण ते वादाचे एक पक्ष होते. पुढच्या समीक्षेने मात्र पक्षकाराचा अभिप्राय न्यायनिवाडा म्हणून दीर्घकाळ चालू ठेवला.

५

१८८२ साली हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे फुले यांनी १९ ऑक्टोबर रोजी सादर केलेले इंग्रजी निवेदन 'गुलामगिरी'शेजारी ठेवून वाचले म्हणजे या लेखकाच्या प्रकारभानाची पूर्ण कल्पना येते. निवेदनात उपहास नाही, पुराणकथा नाहीत, संवाद नाही. आपला अनुभव पुणे व आसपासच्या खेड्यांपुरता आहे, अशी मर्यादा प्रारंभीच घातलेली आहे. त्यानंतर मुद्दे क्रमाने येतात. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे असावे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचा समावेश असावा.

हा मजकूर साहित्याच्या वर्गात शिकविला जात नाही. तो शिक्षणशास्त्राच्या वा इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवलेला आहे. परंतु अर्ज-निवेदन हाही एक वाङ्मयप्रकारच आहे. त्याचे संकेत ठरलेले असतात: विनम्रता, अधिकाराचा पुरावा, मागणीची मोजमाप करता येईल अशी मांडणी. 'गुलामगिरी'त मोकाट सुटणारा लेखक येथे हे सर्व संकेत पाळतो, कारण येथील वाचकाला हसवावयाचे अथवा जागे करावयाचे नसून त्याच्याकडून ठराव करवून घ्यावयाचा आहे. आशय तोच असताना दोन संहितांच्या भाषेत एवढे अंतर पडते, ही गोष्ट एका मुद्द्याचा कायमचा निकाल लावते. फुले यांच्या मराठीतील राकटपणाचा खुलासा केवळ असमर्थतेने करता येणार नाही.

पुढच्याच वर्षी, १८८३ साली, 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण झाला. या ग्रंथाचे भाग मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर इत्यादी ठिकाणी लोकांसमोर वाचून दाखविण्यात आले. बडोद्याच्या गायकवाड महाराजांसमोरही ते वाचले गेले. छापण्यापूर्वी ऐकवलेला ग्रंथ असे त्याचे स्वरूप आहे आणि त्याच्या रचनेचा विचार तेथूनच सुरू केला पाहिजे. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींत आणि वर्षभराच्या सणांत शेतकऱ्याकडून काय काय उकळले जाते, याची यादी पहिल्या प्रकरणात लांबत जाते. एकांतात वाचणाऱ्याला ही यादी कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. चावडीवर ऐकणाऱ्याला मात्र प्रत्येक बाबीबरोबर आपल्या घरातला प्रसंग आठवतो. यादीचे काम पुरावा गोळा करण्याचे आहे आणि पुरावा श्रोत्याजवळच आहे. चौथ्या प्रकरणात कलेक्टरच्या तळावरून निराश होऊन परतणारा शेतकरी स्वतःशीच बोलत येतो. त्याच्या घरादाराचे तेथील वर्णन मराठी गद्यातील वास्तवचित्रणाचा आरंभ शोधणाऱ्या अभ्यासकाला टाळता येण्यासारखे नाही. शेवटच्या प्रकरणात उपाय आहेत: पावसाचे पाणी जमिनीत मुरावे म्हणून ताली व बंधारे बांधणे, त्या कामी पलटणी व पोलिसांतील माणसांचा उपयोग करणे, शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे देणे. श्रोत्याच्या अनुभवापासून निघून शासनाने करावयाच्या कामांपर्यंत जाणारा हा क्रम वक्तृत्वाचा आहे, निबंधाचा नव्हे.

याही ग्रंथाच्या वाट्याला 'तृतीय रत्न'चेच भाग्य आले. पहिले दोन भाग 'दीनबंधू' पत्रात आले आणि पुढचे थांबले. सत्यशोधक चळवळीशी जोडलेल्या पत्रालाही सरकारविषयीची परखड भाषा छापणे अवघड झाले. संपूर्ण ग्रंथ लेखकाच्या हयातीत पुस्तकरूपाने निघाला नाही. गावोगाव ऐकला गेलेला मजकूर छापखान्याच्या दाराशी अडला. एका माध्यमातले धारिष्ट दुसऱ्या माध्यमात परवडत नाही, ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या इतिहासात पुढेही अनेकदा प्रत्ययास आलेली आहे.

६

१८८५ साली पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकारसभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून फुले यांना गेले. त्यांनी पाठविलेले नकाराचे पत्र त्याच वर्षी 'ज्ञानोदया'त छापले गेले. मराठी साहित्य संमेलनांच्या मालिकेत ही सभा दुसरी गणली जाते. म्हणजे हे पत्र संमेलनाच्या इतिहासाइतकेच जुने आहे. त्याचा आशय थोडक्यात असा की, जे ग्रंथकार बहुजनांचे माणूस म्हणून असलेले हक्क मान्य करीत नाहीत, त्यांच्या ग्रंथांचा आणि बहुजनांच्या गरजांचा मेळ बसत नाही; तेव्हा या लोकांनी आपला विचार आपणच करावा. साहित्यसंस्थेला विचारलेला हा प्रश्न वरकरणी सामाजिक वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी 'हे लेखन कोणासाठी?' हा वाङ्मयीन प्रश्नच आहे. खाजगी निमंत्रणाला दिलेले उत्तर वर्तमानपत्रात प्रसिद्ध होताच त्याचा प्रकारही पालटला. रानडे यांना लिहिलेले पत्र सर्व वाचकांपुढील जाहीरनामा झाले.

शेवटच्या ग्रंथात, 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त, पुन्हा प्रश्नोत्तरे आहेत. १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर ते डाव्या हाताने लिहिले गेले. येथे धोंडिबासारखा एकच श्रोता नाही. प्रश्नकर्ते अनेक आहेत आणि ते समाजाचे सभासद आहेत. त्यात विवाहविधी आहे, वधूवरांनी म्हणावयाची मंगलाष्टके आहेत. पुरोहित वगळावयाचा तर त्याच्या मुखातले शब्द दुसऱ्या कोणी उच्चारले पाहिजेत, आणि ते आधी कोणी तरी लिहिले पाहिजेत. या पानांचे प्रयोजन वाचनाने संपत नाही, ते उच्चारणाने पुरे होते. अशा मजकुराला ललित म्हणावे की वैचारिक, हा प्रश्न त्यापुढे निरर्थक होतो.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रत्येक दोषाचे समर्थन श्रोत्याच्या नावाने करता येऊ लागले, तर मूल्यमापनाला जागाच उरणार नाही. आक्षेप महत्त्वाचा आहे, पण त्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. प्रयोजन आणि श्रोता यांचा विचार केल्याने कसोटी नाहीशी होत नाही, उलट ती अधिक नेमकी होते. 'गुलामगिरी'तील धोंडिबा पुष्कळदा फार लवकर पटवून घेतो. संवाद या प्रकाराची खरी ताकद प्रतिप्रश्नात असते, आणि शंका घेणारा श्रोता धोंडिबात आपले प्रतिबिंब नेहमी पाहू शकत नाही. हा दोष संवादाच्या मापाने मोजलेला आहे. 'असूडा'च्या तिसऱ्या प्रकरणात आर्यांच्या आगमनाचा इतिहास शेतकऱ्याच्या प्रश्नाला बराच काळ मागे सारतो. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तरी तेथील पकड ढिली झालेली जाणवते. असे दोष दाखविणे म्हणजे लेखकाला लेखक म्हणून वागविणे होय. केवळ आदर व्यक्त करून संहितेपासून दूर राहण्यापेक्षा हे अधिक जबाबदारीचे आहे.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की, फुले हे अपवाद आहेत आणि अपवादावरून नियम बांधता येत नाही. मराठीचा पुढील इतिहास याला पुष्टी देत नाही. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे १८८१ साली एकाच मंडळाने काढली; एक मराठीत, दुसरे इंग्रजीत. दोन भाषांबरोबर दोन वाचक आणि दोन सूर आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वासंबंधी इंग्रजीत साक्ष दिली, आणि पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' सुरू केला. समितीपुढील मांडणी मतदारसंघ, प्रमाण आणि प्रतिनिधित्वाचे तत्त्व यांच्या परिभाषेत आहे. 'मूकनायका'च्या पहिल्या अग्रलेखात हिंदू समाज हा जिना नसलेला अनेक मजली मनोरा म्हणून येतो. पत्राच्या शिरोभागी तुकारामाच्या ओळी आहेत, तर १९२७ साली सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारता'वर ज्ञानेश्वरीतील ओव्या. शासनाला जे आकडे आणि तत्त्वे सांगतात, ते वाचकाला प्रतिमा आणि संतवचन यांतून पोहोचविले जाते. आशय पातळ केलेला नाही. त्याचा पत्ता बदलला आहे.

८

या सर्वांचा मराठीच्या अध्यापनाशी निकटचा संबंध आहे. महाविद्यालयीन वर्गात वाङ्मयप्रकार हा विषय बहुधा व्याख्या, घटक आणि वैशिष्ट्ये अशा क्रमाने शिकविला जातो. कथा म्हणजे काय, निबंध म्हणजे काय, नाटकाचे घटक किती, हे विद्यार्थ्याला सांगता येते. तो प्रकार कोणत्या गरजेतून कोणासाठी घडला आणि कोणत्या माध्यमातून पोहोचला, हे बहुधा विचारले जात नाही. परिणामी पोवाडा पुस्तकातील पद्य होऊन बसतो आणि अर्ज, निवेदन, जाहीर पत्र, पुस्तिका हे प्रकार साहित्याच्या सीमेबाहेर राहतात. ज्या समाजघटकांनी प्रथम याच प्रकारांतून मराठीत प्रवेश केला, त्यांचे लेखन अशा रीतीने अभ्यासक्रमाच्या रचनेतूनच वगळले जाते. त्यासाठी कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही.

वेच्यांची पद्धत हे नुकसान आणखी वाढविते. 'असूडा'च्या उपोद्घाताच्या आरंभी असलेल्या, अविद्येपासून अनर्थापर्यंतची साखळी मांडणाऱ्या ओळी आज महाराष्ट्रात शाळांच्या भिंतींवर आणि समारंभांच्या फलकांवर दिसतात. भिंतीवर त्या शिक्षणमाहात्म्याचे सुभाषित होतात. ग्रंथात मात्र त्यांच्यामागून जमीनमहसूल, जंगलखाते, पाटबंधारे, कोर्टकचेऱ्या आणि गोऱ्या अंमलदारांची बेपर्वाई यांचा झाडा येतो. ओळी त्याच राहिल्या, पण माध्यम बदलताच आरोपपत्राचा उपदेश झाला. १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले फुले यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध झाले, तेव्हा ही विखुरलेली संहिता एकत्र वाचणे शक्य झाले. आता संगणकाच्या पडद्यावर शब्द शोधून वाक्य क्षणात सापडते. ही सोय मोठी आहे. परंतु असे सापडलेले वाक्य नाटकातील विदूषकाचे आहे, संवादातील धोंडिबाचे आहे की आयोगापुढील निवेदनातले, हे पडदा आपण होऊन सांगत नाही. प्रबंधांतून अशी वाक्ये 'फुले यांचे मत' म्हणून एकाच पातळीवर ठेवली जातात, तेव्हा विचारांविषयीच्या आदराच्या नावाखाली विचारांचाच विपर्यास होतो.

यावर उपाय अवघड नाहीत. पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका लेखकाच्या एकाच आशयाच्या दोन भिन्न प्रकारांतील संहिता शेजारीशेजारी नेमता येतील. १८७३ ची 'गुलामगिरी' आणि १८८२ चे निवेदन ही जोडी त्यासाठी तयारच आहे. पोवाडा आणि 'असूड' यांचे वर्गात मोठ्याने वाचन करता येईल, कारण त्यांची लय आणि त्यांतील पुनरुक्तीचे कारण कानालाच कळते. परीक्षेतील प्रश्नही बदलता येईल. 'विचार स्पष्ट करा' एवढ्यावर न थांबता, हा मजकूर कोणाला उद्देशून आहे, त्याच्याकडून कोणती कृती अपेक्षित आहे आणि त्यासाठी कोणते शब्द टाळले आहेत, असे विचारता येईल. अशा प्रश्नाला तयार उत्तरांच्या पुस्तकांतून उत्तर देणे कठीण जाते, हा त्याचा आणखी एक लाभ.

असे शिकलेला विद्यार्थी पुढे शिक्षक, पत्रकार, अनुवादक किंवा कचेरीतला लिपिक होईल. जिल्हाधिकाऱ्याला द्यावयाचा अर्ज, गावसभेपुढील भाषण आणि नियतकालिकातील लेख या तिन्हींची मराठी एकच नसते, आणि एकीपेक्षा दुसरी हलकी नसते, एवढे त्याला कळलेले असेल. साहित्याच्या विभागांनी हे शिकविले नाही, तर ते शिकविणारे दुसरे ठिकाण मराठी समाजाजवळ नाही.